माफी आधी की हिशेब आधी?

(संघटनेच्या तालुका शिबिरात एका कार्यकर्त्याने केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे. जिथे तेच पुन्हा आलं तेवढंच गाळलं आहे. सगळ्या पाड्यांवर मोठ्याने वाचून दाखवावं.)



भात झोडून झालं, नागली घरात आली, म्हणून आज इतके जण येऊ शकलात. मला सांगितलं होतं की वनहक्काच्या अपिलांवर बोल. त्यावर बोलणारच आहे. पण गेले पंधरा दिवस पाणवठ्यावर, बाजाराच्या जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात जे चाललंय, ते आधी मोकळेपणी बोलू. नाहीतर मी इथे अपिलाचं सांगत राहीन आणि तुमच्या मनात ते दुसरंच घोळत राहील.

आमच्या ग्रामसभेतल्या लोकांना गोष्ट माहीत आहे. पण दुसऱ्या गावांचे लोक आलेत, आणि पत्रकात हे छापून जाणार, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. नाव कोणाचं घेणार नाही. चौकशी चालू आहे. आणि आज विषय एका माणसाचा नाही, आपण सगळ्यांनी काय करायचं त्याचा आहे.

वनहक्काचा कायदा झाला २००६ साली. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतोय, त्याच्या ताब्यात असेल तेवढी, चार हेक्टरपर्यंत, त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या जोडनावावर करायची. हे कोणी फुकट दिलेलं नाही. आपल्या आज्यांनी फॉरेस्टचा मार खाल्ला, नांगर जप्त झाले, उभी पिकं गुरांना चारली गेली. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत जे गेले, त्यातले कितीतरी जण इथेच बसलेत. रस्त्याचा डांबर पायाला चिकटत होता, तरी चाललो. कशासाठी? दावे धूळ खात पडले होते म्हणून.

आता अशा दाव्यांच्या फायलींमध्ये आमच्याकडे काय झालं बघा. तालुक्याच्या कचेरीतून या कामासाठी एक साहेब यायचे. दाव्याच्या अर्जाला पैसा पडत नाही. अर्जाचा नमुना लोकांना सहज आणि फुकट मिळाला पाहिजे, हे नियमातच लिहिलंय, आणि ते बघणं उपविभागीय समितीचं काम आहे. तरी साहेबांनी फाईलमागे पाचशे रुपये लावले. ‘फाईल पुढे सरकायला लागतात’ म्हणाले. ज्यांनी दिले त्यांची मोजणी नीट झाली. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांच्या शेतावर काय झालं? जीपीएसचं यंत्र घेऊन सगळ्या कोपऱ्यांवर फिरायचं असतं. हे दोन कोपऱ्यांवर फिरले आणि बाकीचं आंब्याखाली बसून भरलं. एक म्हातारी आई आहे, नवरा वारलाय, पोरगा वीटभट्टीवर. तिची दीड एकर वरकस. कागदावर आली अकरा गुंठे. दीड एकर म्हणजे साठ गुंठे. एकोणपन्नास गुंठे गेले कुठे? कोणी उचलून नेले नाहीत. जमीन तिथेच आहे. पण कागदावर ती पुन्हा फॉरेस्टची झाली.

हे बाहेर कसं आलं? आमच्या पाड्यावरच्या एका बारावी झालेल्या पोरीने माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं तिकीट लावलं. सगळ्या मोजणीच्या तक्त्यांच्या नकला आणल्या आणि ग्रामसभेत एकेक नाव घेऊन वाचायला लागली. सुरुवातीला लोक हसत होते. दहाव्या-बाराव्या नावाला हसणं थांबलं. बायका उठून उभ्या राहिल्या. तिने काही भाषण केलं नाही, नुसतं वाचलं.

तक्रार झाली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, साहेब निलंबित झाले. इथपर्यंत ठीक. पण पंचनाम्यांवर सह्या कोणाच्या? वनहक्क समितीच्या. समितीचा अध्यक्ष आपला, संघटनेचा जुना माणूस, तुरुंगात जाऊन आलेला. कोऱ्या पंचनाम्यांच्या गठ्ठ्यावर त्याने सह्या करून दिल्या होत्या. आणि अध्यक्षाच्या खाली समितीच्या सदस्यांच्या सह्या आहेत. त्यात एक सही माझी आहे.

मी हे लपवणार नाही. त्यावर शेवटी येतो.

आता साहेब गावात आले होते. हात जोडून. म्हणाले, माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत, मुलीचं लग्न ठरलंय, गावाने मोठ्या मनाने माफ करावं, आणि ‘आमची काही तक्रार नाही’ असं ग्रामसभेचं पत्र द्यावं. अध्यक्षही रडला. तो खरा रडला, मी त्याला तीस वर्षं ओळखतो.

गावात तीन मतं पडली.

पहिलं मत, माफ करा. माणूस चुकतो, पायाशी आला, आणखी किती वाकवायचं.

दुसरं मत, कधीच माफ करू नका. साहेबाला नाही आणि अध्यक्षाला तर नाहीच. त्याचं घर तोडा, पाणी बंद करा.

तिसरं मत हळू आवाजात आहे, पण ते सगळ्यात जास्त पसरलंय. ते असं, की पत्र देऊन टाका. नवीन साहेब येईल तोही खाणारच. हा निदान आपल्याला दबून राहील, आपली कामं करून देईल.

मी तिन्ही मतांवर बोलतो. पण आधी त्या म्हातारीने ग्रामसभेत काय म्हटलं ते सांगतो. सगळे बोलून झाल्यावर ती उठली. म्हणाली, “माफ करायचं का नाय यावर तुम्ही दोन तास भांडताय. मला कोणी विचारलं का? माझे एकोणपन्नास गुंठे आणून द्या. मग माझ्याकडे या माफी मागायला. मी चहापण करीन.”

लोक हसले. पण माझ्या मते या विषयावर यापेक्षा जास्त शहाणपणाचं कोणीच बोललेलं नाही. माफी द्यायची असेल तर ज्याचं गेलंय त्याने द्यायची. ज्याचं काही गेलंच नाही, त्याने दुसऱ्याच्या वतीने मन मोठं करणं सोपं असतं. आमच्यात माफी द्या म्हणणारे कोण होते ते मी बघितलं. ज्यांनी पाचशे रुपये दिले आणि ज्यांची मोजणी पूर्ण झाली, ते सगळ्यात पुढे होते.

आपल्यात पूर्वी कसं होतं ते आठवा. कोणी चोरी केली, कोणाच्या बांधात घुसला, तर पंच बसायचे. त्याला सगळ्यांसमोर बोलावं लागायचं, मी हे हे केलं. मग नुकसान भरून द्यायचं, दंड द्यायचा. मग सगळ्यांबरोबर एका पंगतीत जेवायचं. त्या पंगतीनंतर कोणी त्याला चोर म्हणायचं नाही. म्हणजे माफी आपल्याकडे होतीच. पण तिचा क्रम होता. आधी तोंडाने सांगणं, मग भरून देणं, आणि पंगत सगळ्यात शेवटी. साहेबांना सरळ पंगतीत बसायचंय.

आणि जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणत नाही. तेच पंच बाईला दुप्पट दंड लावायचे आणि दंडाचे पैसे संध्याकाळी दारूत उडवायचे. म्हणून दुसऱ्या मतवाल्यांना सांगतो, घर तोडणं, पाणी बंद करणं, हे आपलं काम नाही. तो गुन्हा आहे. आणि अध्यक्षाच्या घरात त्याची बायको-पोरं राहतात, त्यांनी काय केलं? पाणी तोडलं की उद्या सगळं बोलणं पाण्याचं होईल आणि मोजणीचं राहून जाईल. साहेबाला तेच हवंय.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. वकिलासारखं नाही सांगत, आपल्याला लागेल तेवढंच.

राज्यघटनेत माफी आहे. राष्ट्रपतींना ७२ व्या कलमाने आणि राज्यपालांना १६१ व्या कलमाने शिक्षा माफ करायचा अधिकार आहे. पण शब्द नीट ऐका, शिक्षा माफ. म्हणजे आधी गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा ठरली, मग कोणी ती माफ करतं. आमच्या साहेबांची अजून चौकशीच झालेली नाही. जे अजून सांगितलंच नाही ते माफ कसं करायचं? किती फायली, कोणाकोणाचे पैसे, वर किती गेले, हे कळलंच नाही तर आपण कशाला माफ केलं? त्याला माफी म्हणत नाहीत, झाकपाक म्हणतात.

फौजदारी कायद्यात आणखी एक माफी आहे. तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल, माफीचा साक्षीदार. गुन्ह्यात सामील असलेल्याला कोर्ट माफी देऊ शकतं. पण अट काय? त्याने सगळं, खरं खरं सांगायचं. स्वतःचंही आणि बाकीच्यांचंही. काही लपवलं किंवा खोटं सांगितलं तर माफी जाते आणि त्याच्यावर खटला चालू शकतो. म्हणजे कोर्टाची माफी आणि आपल्या पंचांची माफी, दोन्हीकडे पहिली अट एकच, आधी तोंड उघड.

आणि लाच घेणं हा गुन्हा तुमच्या-माझ्या आपसातला नाही. बांधावरून भांडण झालं, दोघांनी मिटवलं, कोर्टात लिहून दिलं, असं यात होत नाही. ग्रामसभेच्या पत्राने तो गुन्हा पुसला जात नाही. मग साहेबाला पत्र कशाला हवंय? कारण पत्र आलं की साक्षीदार गेले. चौकशी अधिकारी लिहिणार, गावाची तक्रार नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध.

साहेबांच्या माणसाने एक धमकीपण पसरवली आहे, ‘पैसे देणाराही अडकतो, तुम्हीच आत जाल.’ यात थोडं खरं आहे म्हणून स्पष्ट बोलतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्याला ते लागू होत नाही. म्हणून इथून पुढे कोणी मागितले तर घरी येऊन कुढत बसू नका. लाचलुचपत खात्याचा फोन १०६४, तो फुकट लागतो. आणि ज्यांनी आधी दिलेत त्यांनी एकेकट्याने जबाब द्यायला जाऊ नका. आधी संघटनेच्या वकिलांना भेटा, सगळे मिळून जाऊ.

आता वनहक्क कायद्यातलं बघा. त्यात कलम ७ आहे. या कायद्याचं काम करणारा अधिकारी किंवा समिती किंवा समितीचा सदस्य, कोणीही कायदा मोडला तर तो गुन्हा. दंड हजार रुपयांपर्यंत. हजार म्हणजे काय, साहेबाला दोन फायलींचे पैसे! मीपण हसलो होतो वाचून. पण पुढचं कलम ८ वाचा. राज्यस्तरीय देखरेख समिती, मुख्य सचिव तिचे अध्यक्ष, त्यांना निदान साठ दिवसांची नोटीस द्यायची. त्यांनी काही केलं नाही तर कोर्टाचा दरवाजा उघडतो. आणि वरच्या अधिकाऱ्याविरुद्ध ही नोटीस कोण देऊ शकतं? ग्रामसभा, ठराव करून. देशात इतके कायदे आहेत, पण पाड्यावरच्या ग्रामसभेच्या ठरावाने मुंबईला मुख्य सचिवांच्या टेबलावर नोटीस जाते, असं किती कायद्यांत आहे? ही आपली ताकद आहे. आणि साहेब आपल्याकडून जो ठराव मागतायत तो नेमका याच्या उलटा आहे. आपल्याच हाताने आपलं दार लावून घ्या, असं ते सांगतायत.

निलंबनावरही गावात गैरसमज आहे. ‘त्याला शिक्षा झाली की, निलंबित झाला.’ निलंबन ही शिक्षा नाही. त्यात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला अर्ध्या पगाराएवढा. चौकशीत सुटला तर पुन्हा खुर्ची. आणि दोन वर्षांनी निवृत्ती आहे हे साहेब उगीच सांगत नाहीत. सरकारी नोकर निवृत्त झाल्यावर, चार वर्षांहून जुन्या गोष्टीसाठी खात्याला नवीन चौकशी काढता येत नाही. म्हणून आरोपपत्र तो नोकरीत असतानाच त्याच्या हातात पडलं पाहिजे. नाहीतर कोणी माफ न करताच माफी होते. आपल्याकडे अशी माफी सगळ्यात जास्त वाटली जाते, उशिराची माफी. तिच्यासाठी हातही जोडावे लागत नाहीत.

मोठं उदाहरण घ्या. आपल्याच नावाने जे खातं आहे, आदिवासी विकास विभाग, त्याच्या २००४ ते २००९ च्या योजनांत घोटाळे झाले म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले. कोर्टाने २०१४ साली निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांची समिती नेमली. तिने २०१७ साली अहवाल दिला. मग सरकारने काय केलं? तो अहवाल तपासायला आणखी एक समिती नेमली, निवृत्त अधिकारी करंदीकर यांची. योजना आली तेव्हा जे पोर आश्रमशाळेत पहिलीत होतं, ते अहवाल येईपर्यंत बापासारखं नांगराला लागलं होतं. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, उशीर माफ करतोस का?

आता एक लांबची गोष्ट सांगतो. लांबची आहे, पण गाईची आहे. आपल्याकडे दुभत्या जनावरांच्या योजना येतात आणि त्यात काय काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून ती लगेच कळेल.

हिमालयात सिक्कीम नावाचं छोटं राज्य आहे. तिथे १९९० च्या दशकात लोकांना दुभत्या गाई वाटायची योजना होती. तेव्हाचे पशुपालन मंत्री प्रेमसिंग तमांग. योजनेच्या साडेनऊ लाख रुपयांचा अपहार झाल्याची केस त्यांच्यावर झाली. निकाल लागला २०१६ च्या डिसेंबरात. बघा, किती वर्षं. एक वर्षाची शिक्षा झाली, हायकोर्टात कायम झाली. ती त्यांनी भोगली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते बाहेर आले. कायदा सांगतो, भ्रष्टाचारात शिक्षा झाली की सुटल्यापासून सहा वर्षं निवडणूक लढवायची नाही. पण २०१९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष जिंकला आणि मे महिन्यात ते आमदार नसताना मुख्यमंत्री झाले. सहा महिन्यांत निवडून यायला हवं. आता काय करायचं? कायद्यात एक कलम आहे, निवडणूक आयोग ही बंदी काढू किंवा कमी करू शकतो, कारणं लिहून. सप्टेंबर २०१९ मध्ये आयोगाने सहा वर्षांची बंदी एक वर्ष एक महिन्यावर आणली. तेवढा काळ होऊनच गेला होता. पुढच्या महिन्यात पोटनिवडणूक झाली, ते निवडून आले.

याच्या दोन्ही बाजू बघितल्या पाहिजेत. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, माणसाने तुरुंगवास पुरा भोगला, लोकांनी पक्षाला मतं दिली. आणि ज्या काळातला गुन्हा त्या काळचा कायदा एवढ्या कमी शिक्षेला बंदी घालत नव्हता, तो नंतर कडक झाला. या म्हणण्यात अर्थ आहे. शिक्षा भोगलेल्या माणसाला आयुष्यभर चोर म्हणू नये, हे मलाही पटतं. पण मी एवढंच विचारतो, बंदी कमी करताना गाईवाल्यांना कोणी विचारलं का? ज्या लोकांसाठी ती योजना होती त्यांना विचारायची सोयच त्या कलमात नाही. अर्ज वरच्याने केला, निर्णय वरच्याने दिला. आणि माणसाला माफ करणं आणि त्याला तीच तिजोरी परत देणं, या दोन गोष्टी एकाच कागदावर उरकल्या गेल्या.

आपल्याला या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. आपली ग्रामसभा आहे, सगळे एका झाडाखाली बसतो, ज्याचं गेलंय तो समोर असतो. दिल्लीला जे जमलं नाही ते आपल्याला जमू शकतं. तर मग नीट करू.

तिसऱ्या मतवाल्यांना आता उत्तर देतो. ‘साहेब दबून राहील.’ कोणाला दबून राहील? ज्याच्या हातात ते पत्र त्याला. पत्र कोणाच्या हातात? सरपंच, अध्यक्ष, आणि माझ्यासारखे दोन-चार कार्यकर्ते. म्हणजे उद्या साहेब आमची कामं करील. त्या म्हातारीचं काम करायला तो तिला कशाला दबेल? आणि हळूहळू लोक कचेरीत न जाता आमच्याकडे यायला लागतील, ‘भाऊ, तुमचं साहेब ऐकतो, माझी फाईल बघा.’ मग आम्ही काय होऊ? नवे दलाल. संघटना मोडायला पोलीस लागत नाहीत, हे एवढं पुरतं.

आणि ‘नवीन येईल तोही खाणारच’. कदाचित खाईल. पण आधीच्याचं काय झालं हे तो येण्याआधी विचारून घेतो. कोणत्या गावात गप्प बसतात आणि कोणत्या गावात तक्ते वाचतात, हे कचेरीत सगळ्यांना माहीत असतं.

आता आपल्या अध्यक्षाबद्दल. साहेबावर बोलणं सोपं आहे, तो बाहेरचा. हा आपला. त्याने मार खाल्लाय, त्याच्या खांद्यावर झेंडा असायचा. मी त्याला विचारलं, पैसे घेतलेस का? तो म्हणाला, नाही, साहेब म्हणाले लवकर होईल म्हणून सह्या दिल्या. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण माझ्या विश्वासावर गावाने चालू नये. त्याने ग्रामसभेत उभं राहून सांगावं, किती सह्या, कधी, कोणासमोर. तो जुना आहे म्हणून त्याला सूट नको, आणि आपला असून असं केलं म्हणून जास्त मारही नको. जेवढं केलं तेवढंच मोजायचं. एकोणपन्नास गुंठे म्हणजे एकोणपन्नास, पन्नास नाही.

आणि आता माझं.

मी समितीचा सदस्य. त्या दिवशी मला बाजाराला जायचं होतं, शेवटची जीप निघत होती. गठ्ठा समोर आला. वरच्या कागदावर नाव होतं, खालचे कोरे होते. मी बघितलं की कोरे आहेत. तरी सह्या केल्या, कारण अध्यक्षाने केल्या होत्या. मी पैसे घेतले नाहीत. पण कलम ७ मध्ये असं लिहिलंय की ज्याला माहीत नव्हतं, किंवा ज्याने पुरेशी काळजी घेतली होती, तो सुटतो. मी माझ्या मनाशी दोन्ही तपासून बघितलं. काळजी मी घेतली नव्हती. कोरे आहेत हे मला माहीत होतं. म्हणून मला त्यातून सुटता येत नाही. चौकशीत मी हेच सांगणार, आणि हजार रुपये दंड झाला तर भरणार.

आज मी तुमच्याकडे माफी मागत नाही. मी समितीचा राजीनामा दिलाय. फेरमोजणी होईल तेव्हा टेप धरायला, झुडपं तोडून वाट काढायला मी येईन, एकेका शेतावर. सही मात्र दुसऱ्याची. शेवटचं शेत मोजून झालं की मग त्या म्हातारीच्या दारात जाईन. चहा मिळाला तर समजायचं.

आता काम सांगतो, कारण नुसत्या बोलण्याने गुंठे परत येत नाहीत. ज्यांचे दावे अजून उपविभागीय समितीकडे आहेत त्यांच्यासाठी ग्रामसभेने फेरपडताळणीचा ठराव करून पाठवायचा. ज्यांना निर्णय मिळालाय, क्षेत्र कमी आलंय, त्यांना जिल्हास्तरीय समितीकडे साठ दिवसांत अपील करता येतं. म्हणून निर्णय कोणत्या तारखेला हातात आला ती तारीख लिहून ठेवा. निर्णय लेखी, कारणासह मिळाला पाहिजे. तोंडी ‘तुमचं नामंजूर झालं’ हे ऐकून घेऊ नका. २०१९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने नामंजूर दावेदारांना काढा म्हटलं आणि त्याच महिन्यात त्या आदेशाला स्थगिती दिली, आठवतंय ना? तेव्हापासून नामंजूर आणि कमी मंजूर, दोन्हींची भीती खरी आहे.

आणि कागद जपा. तुम्हाला माहीत आहे, दाव्याला पुरावा म्हणून आपण काय लावतो? फॉरेस्टवाल्यांनी आज्याला पकडून दंड केला, त्याची पावती. तेव्हा ती पावती म्हणजे अपमान होता. कोणी फाडून टाकली, कोणी पेटीत ठेवली. ज्याने ठेवली त्याच्या नातवाला आज जमीन मिळते. म्हणून या प्रकरणाचाही एकेक कागद ठेवा. पुढे कधी आपण साहेबाला माफ करू, अध्यक्षाला करू, मला कराल. पण तक्ते फाडायचे नाहीत. वीस वर्षांनी कोणी पोरगी ते काढून वाचेल, तर तिला सगळं दिसलं पाहिजे. काय झालं, कोणी कबूल केलं, काय भरून दिलं, आणि मग गावाने काय केलं.

पुढच्या ग्रामसभेत मांडायचा ठराव मी वाचतो. यात काही बदल हवा असेल तर जेवणानंतर बोला.

एक. ‘आमची तक्रार नाही’ असं कोणतंही पत्र ग्रामसभा देणार नाही, आणि सरपंच, अध्यक्ष किंवा कोणीही एकट्याने देऊ नये. दिलं असेल तर ते ग्रामसभेचं नाही.

दोन. समितीच्या प्रत्येक सदस्याने आपण काय केलं ते ग्रामसभेत सांगावं आणि ते इतिवृत्तात लिहावं. ज्यांनी कोऱ्या सह्या केल्या त्यांनी समितीतून बाजूला व्हावं. नवीन समिती निवडावी, त्यात बाया एक तृतीयांशपेक्षा कमी नकोत.

तीन. ज्यांचं क्षेत्र कमी आलं त्या सगळ्यांची फेरमोजणी, शेतमालक बांधावर हजर असताना.

चार. संबंधित अधिकाऱ्याची चौकशी तो नोकरीत असतानाच सुरू व्हावी, म्हणून लेखी मागणी. आणि कलम ८ प्रमाणे राज्यस्तरीय समितीला साठ दिवसांची नोटीस.

पाच. हे सगळं झाल्यावर, ज्यांचं नुकसान झालं त्यांनी मागितलं तरच, माफीचा विषय ग्रामसभेपुढे येईल. माफी मिळाली तरी गावाच्या मोजणीचं आणि पैशाचं काम त्या माणसाकडे परत जाणार नाही.

एवढंच माझं म्हणणं. मन मोठं ठेवू. पण आधी शेत मोजू.

जोहार! जिंदाबाद!